ओल्या फडक्यातली बाटली

पाण्याबद्दल कोणाला काही शिकायचं असेल, तर त्यानं केळझरला यावं, टेकडीवरच्या गणपतीच्या पाया पडावं आणि खाली उतरल्यावर भेटेल त्या माणसाला बंडूजींचं घर विचारावं. तो माणूस घर दाखवेल आणि वर हात जोडून सांगेल, “जा, पण घाई असन तं नका जाऊ!”

गेल्या उन्हाळ्यात बंडूजींना मुतखडा झाला होता. खडा ज्वारीच्या दाण्याएवढा, पण त्यानं एवढ्या धिप्पाड गड्याला अंगणात असं लोळवलं, की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं! ‘पाणी प्या, भरपूर प्या, तहान लागायची वाट पाहू नका,’ असं डॉक्टर म्हणाले. खडा यथावकाश पडून गेला. उपदेश मात्र अडकून बसला!

तेव्हापासून भेंडी तोडायला येणाऱ्या बायांना राम रामच्या जागी “पाणी पेलं का वं?” ऐकावं लागे. बाजारात वांगी घेणाऱ्याला वांग्यांवर पाण्याचं प्रवचन फुकट मिळे. एका लग्नात तर भर पंगतीत, वरण वाढून राहिले असताना, त्यांनी नवरदेवाच्या काकाला लघवीचा रंग विचारला! काका तसेच पत्रावळीवरून उठले.

“पाणी पिऊन बिमार पडलेला एक माणूस मले दाखवा,” बंडूजी मिशीवर मूठ फिरवून म्हणत. “त्याच्या नावानं मिशी काढतो!”

“मिशी राहू द्या,” त्यांची बायको चतुराबाई म्हणायची. “आधी त्या वांग्यायले पाणी द्या. ते वाळून राह्यले.”

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. त्यांची एकुलती लेक आचल हिवाळ्यात लग्न होऊन वर्ध्याला, सिंदी मेघेला गेलेली. गेल्यापासून माहेरी आली ती एकदाच, तीही तव्यावरच्या पोळीसारखी, उलटली की निघाली! आता धोंड्याच्या निमित्तानं लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला अनारसे वाढायचे आणि लेकीला आठ दिवस ठेवून घ्यायचं, असं चतुराबाईनं मनाशी घोकून ठेवलं होतं. अनारशाचं पीठ तयार होतं. आचलची जुनी उशी उन्हात टाकून झाली होती. आता फक्त बंडूजींनी जाऊन व्याह्यांची परवानगी आणायची होती.

“फोनवर नका सांगू,” चतुराबाई म्हणाली. “मानाची माणसं हायेत. सोता जा. आन पोट्टीले आणल्याशिवाय मले तोंड दाखवू नका!”

“त्यात काय हाय? गेलो आन आलो!” बंडूजी म्हणाले, आणि मग एकदम गप्प झाले. कारण मध्ये एक धोंडा आडवा होता.

बंडूजींच्या घराण्याची चाल अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या सासरी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. बंडूजींच्या वडिलांनी ही चाल पाळली होती. भर उन्हात ते लेकीच्या दारातून कोरड्या तोंडानं परतत, असं बंडूजींची माय अभिमानानं सांगायची. आणि मरताना तिनं बंडूजींकडून तसं वचन घेतलं होतं.

बरं, हे व्याह्यांना सरळ सांगावं, तर तेही बंद! व्याही अण्णाजी वीज मंडळातून रिटायर झालेले, नव्या विचारांचे, कॉलनीच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. लग्नातच त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “बंडूजी, लेकीच्या घरचं पाणी नाई, असल्या जुनाट गोष्टी आमच्याकडे चालत नाईत. मले अपमान वाटते!” आणि बंडूजींनी मांडवात मान डोलावली होती. मांडवात लेकीचा बाप दुसरं काय डोलावणार!

एकीकडे माय, एकीकडे व्याही, आणि मधोमध डॉक्टरांचं पाणी. बंडूजींनी शेवटी तोड काढलीच!

“आपलं पाणी आपण नेतो! लपून पेतो! वचन बी राह्यते, मान बी राह्यते, शरीर बी राह्यते!”

चतुराबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत लिंबू, साखर, मीठ घालून पाणी भरून दिलं. घाईत मीठ दोनदा पडलं. बाटली थंड राहावी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळली आणि थैलीत वांग्यांच्या खाली दडवली.

बसमध्ये बंडूजी तोऱ्यात बसले. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर डांबराची कढी झालेली! समोरच्या सीटवर एक बाई किरकिरं पोर घेऊन बसली होती.

“त्याले पाणी पाजलं का?”

“संपलं ना, काका.”

झालं! प्रचारकाला संधी मिळाली आणि बाटली बाहेर निघाली. पोरानं पेलं, बाईनं पेलं. एका म्हाताऱ्यानं नुसतं पाहिलं, तर त्यालाही पाजलं. कंडक्टरनं नको म्हटलं, तर त्याला बळंच पाजलं! वर्धा आलं तेव्हा बस टवटवीत होती आणि बाटली तळाला गेली होती. स्टँडवरच्या नळाचं पाणी चहाच्या आधणासारखं निघालं. विकतची बाटली घ्यावी, तर ‘पाणी काय इकत घ्याची चीज हाय?’ हे त्यांचंच वाक्य सगळ्या गावाला पाठ!

‘जाऊ दे. आमंत्रण द्याचं आन वापस. तासाभराचं काम,’ असं म्हणत ते ऑटोत बसले.

व्याह्यांच्या दारात मात्र स्वागत जोरात झालं. “या, या, इवाई! उन्हाचे आले! आता ऊन उतरेपर्यंत आम्ही तुमाले हलू देत नाई!” अण्णाजींनी त्यांचा हात धरून मानाच्या जागी, म्हणजे कूलरच्या अगदी बगलेत, बसवलं. थैली मनकर्णाबाईंनी, म्हणजे आचलच्या सासूनं, आत ओट्याजवळ नेऊन ठेवली. बंडूजींचा जीवच आत गेला!

आचल पाणी घेऊन आली. सुनेच्या पदरात लेक कशी दिसते, हे पाहून बंडूजींचा गळा भरून आला. भरून आला हेही बरंच, कारण गळ्यात ओलावा असा तेवढाच उरला होता. लेकीच्या हातातला थंडगार, बाहेरून घाम फुटलेला पेला त्यांनी घेतला. अण्णाजी टीव्हीकडे वळले तेवढ्यात त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पेला कूलरच्या पाणी टाकायच्या तोंडात रिकामा केला. पाणी पाण्यात मिळालं. कोणाला काही कळलं नाही!

पण पाहुणचार म्हणजे काय एक पेला असतो? मागून कैरीचं पन्हं आलं. तेही कूलरला. मग मनकर्णाबाई ताक घेऊन आल्या, जिरं आणि भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकलेलं.

“घ्या ना, इवाई! लाजता काऊन?”

“घेतो ना, घेतो!” ताकही कूलरला!

जरा वेळानं खोलीत एक वेगळीच झुळूक वाहू लागली. आधी आंबट-गोड. मग कढीला उकळी यावी तशी.

“वाळ्याच्या ताट्या नव्या टाकल्या, पण वास काही वेगळाच येऊन राह्यला,” अण्णाजी नाक फेंदारून म्हणाले. माश्यांना मात्र वास पसंत पडला. त्या सहकुटुंब आल्या!

बंडूजींना आता डोळ्यांपुढे काजवे दिसत होते. “जरा हातपाय धुतो,” म्हणून ते उठले, ओट्याजवळची थैली काखेत मारली आणि मागच्या दारानं अंगणात गेले. न्हाणीच्या भिंतीआड उभं राहून त्यांनी ओलं फडकं सोडलं, मान मागं टाकली आणि एक घोट घेतला. तळाशी बसलेलं मीठ असं झणझणलं, की तोंड वाळल्या लिंबासारखं आवळलं, डोळ्यांतून पाणी आलं आणि घशातून “हाऽऽ!” असा आवाज निघाला. उरलेला घोट परतीसाठी ठेवून त्यांनी मिशी पुसली, बाटली परत गुंडाळली, वांग्यांखाली खोल दडवली आणि आजूबाजूला चोरासारखं पाहून घेतलं.

चोरासारखं पाहताना स्वयंपाकघराची खिडकी तेवढी राहून गेली. आणि खिडकीत मनकर्णाबाई होत्या!

आपला जिल्हा दारूबंदीचा. दुसऱ्या जिल्ह्यात बाटली दिसली तर लोक विचारतील, कशाची? आपल्याकडे कोणी विचारत नाही. भिंतीआड, फडक्यात गुंडाळलेली बाटली आणि घोटामागं “हाऽऽ!” म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! अध्यक्षांच्या बायकोला तर ते आधीच ठाऊक हवं.

“अहो,” मनकर्णाबाईंनी अण्णाजींना आत ओढलं. “तुमच्या इवायानं... आपल्या न्हाणीमांगं...”

“कसं शक्य हाये?”

“लिंबाचा वास मारते! वास लपवाले लिंबू खातेत, तुमीच तं भाषणात सांगता!”

इतक्यात कूलरनं एक उचकी दिली, दुसरी दिली आणि तो बंद पडला. सांभार पंपात अडकला होता! जावई कैलास स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, त्यानं ताटी काढली, आत हात घातला आणि ओरडला, “बाबा! कूलरमध्ये ताक!”

अण्णाजी आणि मनकर्णाबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. शुद्धीवरचा माणूस कूलरला ताक पाजत नाही.

अण्णाजींचा एक स्वभाव होता. राग आला की ते शुद्ध बोलत. ते बंडूजींसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “बंडूजी, ही सवय आपल्याला कधीपासून आहे?”

कूलर बंद पडल्यापासून बंडूजींच्या डोक्याची भट्टी झालेली. पण या प्रश्नानं त्यांना एकदम हुशारी आली. आचलनं सांगितलेलं दिसते आपल्या पाण्याचं! जीभ पऱ्हाटीसारखी वाळली होती, शब्द एकमेकांत गुंतत होते, तरी ते हसून म्हणाले, “म... मांगच्या उन्हायापासून. डॉक्टरनंच लावलं!”

“डॉक्टरांनी?!”

“हाव ना! म्हणे, तहान लागाची वाट पाहू नका. आता सकाळी उठलो का चूळ बी नाई भरत. आधी तांब्याभर!”

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“आणि... घरातली मंडळी?”

“चतुरा पेते ना! पयले नाई म्हणे, मी बळजबरी केली. वावरातल्या बाया पेतात. लहान लहान पोट्टे पेतात. अन्नाजी, मी तं अर्ध्या गावाले लावलं!” आणि भरल्या मनानं त्यांनी अण्णाजींचा गुडघा दाबला. “तुमी बी घेत जा. मानूस कसा मोकळा राह्यते!”

खोलीत अशी शांतता पसरली, की माश्याही बसल्या.

आपलं भाषण रंगलं असं वाटून बंडूजींनी मुद्द्याला हात घातला. “तं मी याच्यासाठी आलतो, का धोंड्याचं जेवन हाये. लेक-जवाई पाठवा. आन पोट्टीले आठ दिवस राहू द्या. तिच्या मायनं पीठ भिजवून ठेवलं...”

“क्षमा करा,” अण्णाजी उभे राहिले. “अशा घरात आमची सून आम्ही एक दिवसही पाठवू शकत नाही.”

दारात आचल उभी होती. ती रडत नव्हती. खाली फरशीकडे पाहत होती, आणि हे बंडूजींना रडण्यापेक्षा वाईट वाटलं. काय चुकलं? कोणतं घर? कसलं घर? ते विचारायला म्हणून ताडकन उठले. पाय उठले, पण डोकं खालीच राहिलं! त्यांनी हवेत हात मारला, समोर कूलर होता, त्याला जिवलग मित्रासारखी मिठी मारली आणि कूलरला घेऊन ते खाली आले! आतलं ताक, पन्हं आणि पाणी त्यांच्या अंगावरून खोलीभर धावलं. खुर्चीजवळ ठेवलेली थैली उलटली. वांगी चहूकडं पळाली. आणि फडकं सुटलेली बाटली घरंगळत घरंगळत अण्णाजींच्या पायाशी येऊन थांबली.

कोणी तिला हात लावेना. कैलास मागं सरला. मनकर्णाबाई “राम राम राम” म्हणू लागल्या.

आचल पुढं झाली. तिनं बाटली उचलली, झाकण काढलं आणि सासू-सासरे, नवरा, सगळ्यांच्या देखत तोंडाला लावली!

“अगं, अगं, अगं!” मनकर्णाबाई किंचाळल्या. “सूनबाई बी!”

आचलनं उरलेला घोट गिळला. तोंड वाकडं केलं.

“लिंबू, साखर, मीठ,” ती म्हणाली. “आईच्या हातचं हाये. तिचा हात नेहमी मिठाले भारी.”

मग तिनं ताकात लोळणाऱ्या बापाकडे पाहिलं, रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं.

“बाबा! तुमी सकाळपासून पाणीच नाई पेले?”

अण्णाजींनाही समजलं. ते मटकन खुर्चीवर बसले आणि एकदम अशुद्ध झाले. “अरे बाप्पा! आता का करू मी! कैलास, पाह्यत काय राह्यला? गाडी काढ!”

सावंगीच्या दवाखान्यात बंडूजींना सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई आचलएवढ्याच होत्या. त्यांनी बंडूजींची जीभ पाहिली, कातडी चिमटीत धरून पाहिली, शर्टाला लागलेला सांभार पाहिला आणि लिहून घेतलं. जाताना अण्णाजींना म्हणाल्या, “अंगातलं पाणी पार आटलंय. या वयात असं करून चालत नाही. शेतकरी माणसांना कळत नाही हो, कोणीतरी यांना पाण्याचं महत्त्व समजावून सांगा.”

बंडूजींनी डोळे मिटून घेतले. सुई हातात टोचली होती, पण लागली ती भलतीकडेच!

तरी मनात एक हिशोब चालूच होता. सलाईन शिरेतून जाते. शिरेतून जाते ते काही पिणं नव्हे. आणि हा दवाखाना आहे, लेकीचं घर नाही. म्हणजे वचन अजून शाबूत...

“बाबा.”

आचल खाटेजवळ उभी होती. हातात पाण्याचा पेला. घरून आणलेला, तिच्या नावाचा, लग्नात रुखवतात दिलेला.

“पेऊन घ्या.”

“पोरी, तुही आजी...”

“आजीले मी समजावतो वर गेल्यावर. तुमी माहं ऐका.” तिचा आवाज बारीक झाला. “मघा दारात उभी होती ना, तवा दोन मिनिटं मले बी वाटलं, का बाबा पेऊन आले. माह्या बाबाबद्दल मले असं वाटलं! लाजेनं मेल्यासारखं झालं मले. कायच्यापायी? एका पेल्यापायी? गाडीत तुमीच सांगतलं ना, लोकायच्या पोरायले बसमध्ये पाणी पाजलं. आन माह्या हातचं कूलरले देता.”

बंडूजींनी पेल्यावरचं तिचं नाव वाचलं.

“तुमी तिथलं पाणी पेत नाई,” ती म्हणाली, “तं मग ते घर माहं कसं होईन?”

बंडूजींनी पेला घेतला. थोडं पाणी मिशीवर सांडलं. पण त्यांनी सगळं पेलं, तळापर्यंत. इतकं साधं पाणी त्यांनी आयुष्यात पेलं नव्हतं, आणि इतकी लाज गिळत तर कधीच नाही. “अजून दे,” ते म्हणाले.

अण्णाजी दारातूनच पाहत होते. त्यांनी घसा साफ केला. “इवाई, चूक तं आमची बी झाली. मानूस पडून राह्यला आन मी भाषण देत होतो. लेकीले उद्याच घेऊन जा. आठ नाई, पंधरा दिवस ठेवा. जवायाले मी पाठवतो.”

“माह्याकडून बी माफी,” मनकर्णाबाई पुढं आल्या. त्यांनी खास बंडूजींसाठी थर्मासमध्ये चहा आणला होता. “जरासा घ्या, इवाई. बरं वाटन.”

इतक्यात चतुराबाईचा फोन आला. बंडूजींच्या एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातात पेला, म्हणून कैलासनं फोन सुरू करून त्यांच्या उशीशी ठेवला आणि सगळं त्यानंच थोडक्यात सांगितलं.

“चतुरा,” बंडूजी म्हणाले. “पोट्टी येऊन राह्यली, पंधरा दिवस. पण माह्या हातून पाप झालं. मायचं वचन मोडलं. मी पेलं.”

“पेलं ना? बरं केलं!” चतुराबाईचा आवाज मोकळा झाला. “मी तं कवाच पेली! लग्नानंतर बांगड्या द्याले गेलती, तवाच पेली. काय मरू का तहानेनं? आन तुमची माय? तुमच्या बहिणीच्या घरी रसाच्या वाट्यावर वाट्या पेऊन याची आन गावच्या येशीत आली का तोंड कोरडं कराची!”

बंडूजी उशीवरून अर्धे उठले. “मंग... मंग मले काऊन नाई सांगतलं?”

“तुमी ऐकता कोणाचं? तुमी तं निस्ते सांगत राह्यता! आन ऐका, आता पेलंच हाये तं पाणीच पेजा. चहा नका घेऊ तिथला. तुमची इहीन मनानं देवमानूस, पण तिच्या हातचा चहा म्हंजे भांडे इसळलेलं पाणी, सांगून ठेवतो!”

बंडूजींनी घाईनं फोनकडे हात नेला. पण कैलासनं तो मघाशीच, सासऱ्यांना ऐकू यावं म्हणून, स्पीकरवर टाकला होता.

मनकर्णाबाईंनी थर्मासचं उघडलेलं झाकण हळूच परत लावलं, आणि चांगलं घट्ट आवळलं.